आधी आई दाखवा

शिरोली एमआयडीसी आणि भोवतालच्या गावांत कुत्रा पाळण्याची कारणे निरनिराळी आहेत. फौंड्रीच्या आवारात भंगार, पिग आयर्न, तांब्याची केबल पडलेली असते. रात्रपाळीच्या वॉचमनला जोड म्हणून एखादा जर्मन शेफर्ड नाहीतर रॉटवायलर आणला जातो. शिरोली पुलाची, नागाव, टोप, हालोंडी इथल्या मळ्यांतल्या वस्त्यांना रात्री भुंकणारे कुणीतरी हवे असते. जत्रेतल्या श्वान शर्यतीसाठी कारवानी रक्ताचा, पोट खपाटीला गेलेला, लांब पायांचा कुत्रा तयार केला जातो. पंचगंगा ओलांडून कोल्हापूर शहरात गेले, की फ्लॅटमध्ये पग आणि शिह त्झू दिसतात. राखण, शर्यत, हौस, प्रतिष्ठा अशा कोणत्याही वाटेने कुत्रा घरात येवो. त्याची आई कुठे आहे, कशी आहे, तिचे हे कितवे वेत, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळा. या पुस्तिकेचा विषय ती आई आहे.

पिल्लांचा बाजार आता मोबाईलवर भरतो. फोटो येतो, खाली दर येतो. ‘पेपरसह’ एक दर, ‘पेपरविना’ दुसरा. ‘हेवी बोन’, ‘शो क्वालिटी’, ‘इम्पोर्ट लाईन’ अशी विशेषणे लागतात. पिल्लू ‘पस्तीस दिवसांचे, खायला लागलेले’ असते आणि सांगली फाट्यावर आणून देण्याची तयारीही असते. गिऱ्हाईक महामार्गालगत गाडी थांबवते, खोक्यातले पिल्लू उचलते, पैसे ऑनलाइन पाठवते आणि निघून जाते. पिल्लू जन्मले ती जागा गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. ती एखाद्या घराची गच्ची असते, पोल्ट्रीची रिकामी शेड असते किंवा बंद पडलेल्या वर्कशॉपची मागची खोली असते. पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी किती तापते, हे शिरोलीच्या कामगाराला सांगायला नको. त्याला निदान पाळी संपली की बाहेर पडता येते.

पैदास म्हणजे मुळातच वाईट धंदा, असे या पुस्तिकेचे म्हणणे नाही. आपल्या भागाला जातिवंत कुत्र्याचा जुना वारसा आहे. सीमेपलीकडच्या मुधोळ संस्थानात राजे मालोजीराव घोरपडे यांनी शिकारी कारवानी कुत्र्यांची निगुतीने पैदास केली, त्यांतले कुत्रे इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिले आणि त्या जातीला ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रुळले. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. २०१६ साली लष्कराने मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी मुधोळची पिल्ले नेली. मुधोळजवळच्या तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. राजपाळयम आणि चिप्पिपराई यांच्याबरोबर मुधोळचीही राष्ट्रीय पातळीवर अधिकृत देशी जात म्हणून नोंद झालेली आहे. कामाला उतरेल तोच नर, दमाची असेल तीच मादी, असा त्या जुन्या निवडीचा कस होता. कुत्रा धावला नाही, धापा टाकू लागला, तर त्याची पुढची पिढी होत नसे. आज निवड फोटोवरून होते, आणि फोटोत श्वास ऐकू येत नाही.

कुत्रीच्या शरीराचा हिशेब समजून घेतल्याशिवाय नियमांचा अर्थ लागणार नाही. कुत्री साधारणपणे वर्षातून दोनदा माजावर येते. पहिले आठ-दहा दिवस रक्तस्राव दिसतो, पण ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढच्या आठवडाभरात बीज सुटते. ते सुटल्याबरोबर फलनाला तयार नसते. पक्व व्हायला आणखी सुमारे दोन दिवस घेते. बीज सुटल्यापासून साधारण ६३ दिवसांनी ती विते. त्यानंतर दीड-दोन महिने पिल्ले तिच्या अंगावर असतात. गर्भ आणि दूध यांत तिच्या हाडांतले कॅल्शियम आणि अंगातले मांस खर्ची पडते. ती झीज भरून येते न येते तोच पुढचा माज येतो. त्या माजालाही नर दाखवला, तर वर्षात दोन वेते निघतात, धंद्याची उलाढाल दुप्पट होते आणि चार-पाच वर्षांत कुत्री संपते. तिची कास लोंबते, दात जातात, गर्भाशयात पू होतो. मग ती ‘द्यायची आहे, फुकट’ या सदरात येते किंवा एखाद्या रात्री महामार्गाच्या कडेला सोडून दिली जाते.

याच जागी प्रजनन सेवा नावाचा नवा धंदा उभा राहिला आहे. पूर्वी माजावर आलेली कुत्री नराच्या घरी नेत. नराचा मालक पैसे घेई किंवा वेतातले पहिले पिल्लू निवडून घेई. हा व्यवहार अजूनही चालतो. आता त्याला रक्ताची प्रोजेस्टेरॉन तपासणी, वीर्याची तपासणी, कृत्रिम रेतन, लांबच्या नराचे थंड करून आणलेले वीर्य, सोनोग्राफी आणि तारीख ठरवून केलेले सिझेरियन यांची जोड मिळाली आहे. तंत्र म्हणून यांतले बहुतेक जुने आणि सिद्ध झालेले आहे. इटलीच्या लाझारो स्पालान्झानीने अठराव्या शतकात कुत्रीवरच कृत्रिम रेतनाचा प्रयोग केला होता. ती ६२ दिवसांनी व्याली आणि तिला तीन पिल्ले झाली. प्रोजेस्टेरॉनच्या तपासणीने योग्य दिवस कळतो, कुत्रीला पुन्हा पुन्हा नराकडे न्यावे लागत नाही, सिझेरियन लागलेच तर ते अवेळी होत नाही. समागमातून पसरणारे रोगही रेतनाने काही अंशी टाळता येतात. ब्रुसेला कॅनिस हा जंतू कुत्रीचा गर्भ पाडतो, नर वांझ करतो, एकदा शिरला की अंगातून खात्रीने हटत नाही आणि माणसालाही होतो. जननेंद्रियांवर वाढणारी संसर्गजन्य गाठ आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत सर्रास आढळते. योग्य हातात ही साधने कुत्रीचे रक्षण करतात.

हात योग्य नसले, की तीच साधने उलटतात. एकाच सुईने दोन कुत्र्यांचे रक्त काढले जाते. दुसऱ्या मादीला वापरलेली नळी नुसती धुऊन पुन्हा वापरली जाते. माज आणण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शने दिली जातात आणि गर्भाशयात पू झाला की तेच हात गायब होतात. ज्या कुत्रीने नराला जवळ येऊ दिले नाही, तिला तोंड बांधून रेतन केले जाते. तिने का येऊ दिले नाही, हा विचार कुणी करत नाही. कधी ती दुखण्याने हैराण असते, कधी वयाने लहान असते, कधी तो नरच तिचा भाऊ असतो.

याहून अवघड प्रश्न जातीच्या घडणीचा आहे. नाक आत दबलेले, डोके मोठे, कंबर अरुंद अशा घडणीची बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, बॉस्टन टेरियर ही कुत्री अनेकदा स्वतःहून जुळू शकत नाहीत आणि विऊ शकत नाहीत. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या तिन्ही जातींतली ८० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली. म्हणजे रेतनाने गर्भ राहतो, सुरीने पिल्ले निघतात आणि निसर्गाने जिथे दार लावले होते तिथे प्रजनन सेवा दार उघडून देते. नॉर्वेत हा प्रश्न न्यायालयात गेला आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलच्या चालू पद्धतीच्या पैदाशीला प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवले. नेदरलँड्सने नाकाची लांबी कवटीच्या तुलनेत किती असावी, याचे माप २०१९ पासून लावायला घेतले. कोल्हापूरच्या उन्हात पग आणणाऱ्याने या दोन देशांचे हवामान आपल्यापेक्षा किती थंड आहे, हेही लक्षात घ्यावे.

ब्रिटनचा अनुभव आपल्याला विशेष उपयोगाचा आहे. वेल्समधल्या एका पैदास केंद्रातून २०१३ साली लूसी नावाची कॅव्हेलियर मादी सोडवण्यात आली. लागोपाठच्या वेतांनी तिचे शरीर मोडले होते. २०१६ साली ती गेली. तिच्या नावाने चळवळ झाली आणि ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडमध्ये सहा महिन्यांखालची पिल्ले दलालामार्फत विकण्यास बंदी आली. ज्याने पैदास केली त्याच्याच जागेवर, आईसोबत पिल्लू पाहून घ्यायचे, असा दंडक झाला. विक्रीची वाट अशी बांधली गेली. पण रस्तोरस्ती उघडलेली कुत्र्यांची फर्टिलिटी क्लिनिके तशीच राहिली, कारण ती पिल्ले विकत नव्हती. त्यांतली काही पशुवैद्यकाविनाच चालत होती. म्हणून स्कॉटलंडच्या सरकारने अशा सेवांनाही परवाना लावण्याचा विषय पुढे घेतला. विक्रेत्यावर नियम केला, की धंदा विक्रीच्या आधीच्या टप्प्यावर सरकतो, हा या सगळ्याचा धडा आहे.

आपल्याकडे कायदा नाही, असे समजू नये. पाया आहे तो १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा, ज्याच्या कलमांवर बैलगाडा शर्यतीचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला गेला आणि जो त्यामुळे आपल्या गावागावांत माहीत झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायमूर्ती ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने आपल्या २६१व्या अहवालात पाळीव प्राण्यांची दुकाने आणि कुत्र्यांची पैदास यांचे नियमन करण्याची शिफारस केली. त्यानंतर मे २०१७ मध्ये केंद्र सरकारने श्वान पैदास आणि विपणनाचे नियम अधिसूचित केले. २०१८ साली पेट शॉपचे नियम आले. पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलीच पाहिजे. कुत्री अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला गाभण घालायचे नाही. लागोपाठच्या दोन माजांना जुळवायचे नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत काढायचे नाही, जन्मात पाचाहून अधिक वेते नाहीत. जुळवण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला हवा. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. शेपूट छाटणे, कान कापणे बंद. मायक्रोचिप आणि नोंदवह्या सक्तीच्या. ‘पस्तीस दिवसांचे पिल्लू’ ही जाहिरात म्हणजे नियम मोडल्याची कबुलीच आहे, आणि ती राजरोस छापली जाते.

नियम इतके नेटके असताना परिस्थिती अशी का, याची दोन कारणे मला दिसतात. पहिले म्हणजे दंड. १९६०च्या कायद्याच्या अकराव्या कलमात पहिल्या गुन्ह्याला किमान दहा आणि कमाल पन्नास रुपये दंड आहे. तीन वर्षांत गुन्हा पुन्हा घडला तर पंचवीस ते शंभर रुपये, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हजारोंच्या पिल्लांपुढे पन्नास रुपये म्हणजे चहापाण्याचा खर्चही नव्हे. दुसरे कारण अधिक खोलचे आहे. नियमांतल्या पैदासकाराच्या व्याख्येचा भर कुत्र्यांची मालकी आणि विक्री यांवर आहे. ज्याच्या मालकीची एकही कुत्री नाही, जो एकही पिल्लू विकत नाही, पण महिन्याला कितीतरी कुत्र्यांना रेतन करतो, तो या चौकटीच्या कडेला उभा राहतो. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पदवीधरांपुरता राखला आहे. पदविकाधारकांना किरकोळ सेवा पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच देता येते. तरीही कुत्रीचे रक्त कोणी काढले, इंजेक्शन कोणी दिले, याची विचारणा करायला आजवर कोणी घरी आलेले नाही.

गाईचे पाहा. आपल्या जिल्ह्यात दूध संघांच्या आधाराने रेतनाचे जाळे गावोगाव पोहोचले आहे. गोठ्यात रेतन करणारा स्ट्रॉ काढतो, तेव्हा त्या नळीवर वळूचा क्रमांक, वीर्य केंद्राची खूण आणि तारीख छापलेली असते. वीर्य केंद्रांची ठरावीक काळाने तपासणी आणि प्रतवारी होते. गाय उत्पन्न देते म्हणून तिच्या बाबतीत ही शिस्त आली. कुत्रीच्या बाबतीत नराचे वीर्य थर्मासमध्ये येते आणि तो नर कोणता, त्याची ब्रुसेलाची तपासणी झाली का, हे फोनवरच्या शब्दावर मानायचे असते.

शिरोलीच्या कारखानदाराला ही उणीव चटकन कळेल. फौंड्रीत प्रत्येक ओतकामावर हीट नंबर असतो. पुण्याच्या किंवा परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे कास्टिंगला तडा गेला, तर त्या नंबरावरून भट्टीचा दिवस, धातूचे मिश्रण आणि पाळी शोधून काढता येते. नंबर नसलेला माल कोणी घेत नाही. पिल्लाला असा माग हवा: आई कोण, बाप कोण, वेत कितवे, रेतन कोणी केले, सिझेरियन झाले का. केनेल क्लबचे पेपर हा माग पुरवत नाहीत. ते वंशावळ सांगतात, आईची तब्येत सांगत नाहीत, आणि ते सरकारी नोंदणीची जागाही घेत नाहीत.

या पुस्तिकेने जे मागितले आहे ते सोपे आहे. प्रत्येक पैदाशीच्या कुत्रीची एक वही असावी आणि ती चिपच्या क्रमांकाला बांधलेली असावी. तिच्यात प्रत्येक माज, प्रत्येक जुळणी, प्रत्येक तपासणी आणि प्रत्येक वेत यांची तारखेसह नोंद व्हावी. प्रजनन सेवा देणाऱ्याने, तो पशुवैद्यक असो वा त्याच्या देखरेखीखालचा सहायक, त्या वहीत आपला नोंदणी क्रमांक लिहून सही करावी. सही नसेल तर ते रेतन बेकायदा. दोन सिझेरियननंतर तिसऱ्यांदा गाभण घालायला मनाई असावी. पोट उघडून वीर्य सोडण्याची शस्त्रक्रिया पूर्ण बंद व्हावी. कॅमेऱ्याच्या नळीने तेच काम चिरफाड न करता होते. आणि वही पाहण्याचा हक्क तपासनिसाइतकाच गिऱ्हाइकालाही असावा.

स्थानिक तरतुदींबद्दलही थोडे. शिरोलीत एमआयडीसीचे आवार आणि ग्रामपंचायतींची हद्द एकमेकांना लागून आहेत. तक्रार आली की ती या दोहोंच्या मध्ये पडते. तिचा धनी एकच ठरला पाहिजे, आणि तो जिल्ह्याचे पशुसंवर्धन कार्यालय आणि जिल्हा प्राणिक्लेश प्रतिबंधक सोसायटी यांनी मिळून ठरवावा. २०१९ आणि २०२१च्या महापुरात शिरोलीजवळचा महामार्ग पाण्याखाली गेला होता. नदीकाठच्या सखल भागातल्या केनेलला नोंदणी देताना पाणी चढल्यावर पिंजरे कोण आणि कुठे हलवणार, याचे उत्तर लेखी घ्यावे. कारखान्यांनीही राखणीचा कुत्रा घेताना पावतीबरोबर आईच्या वहीची प्रत मागावी. मालाची इतकी कागदपत्रे सांभाळणाऱ्या उद्योगाला एक कागद जड नाही.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला असा, की छोटा पैदासकार यात भरडला जाईल. घरात दोन कुत्र्या जिवापाड सांभाळणारा माणूस वर्षाला एकच वेत काढतो, तारखा त्याला तोंडपाठ असतात, पिल्लू कुणाला दिले हेही आठवते. त्याला वही लिहायला अडचण नाही. अडचण येईल ती वीस कुत्र्या एका शेडमध्ये कोंबणाऱ्याला, आणि त्यासाठीच वही आहे. दुसरा आक्षेप सरसकट बंदीवाल्यांचा. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींना हिंस्र ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याचे पत्र राज्यांना धाडले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकलेच गेले नव्हते. जातींच्या याद्या करून प्रश्न सुटत नाही. रॉटवायलर चावला म्हणून रॉटवायलर जातीवर बंदी घालणे सोपे. त्याला पाचव्या आठवड्यात आईपासून कोणी तोडले, हे विचारणे कठीण. पिल्लू भावंडांत आणि आईजवळ राहून चावण्याची मर्यादा शिकते, हे वर्तनशास्त्रात पक्के झालेले आहे. आठ आठवड्यांची अट त्या पिल्लाइतकीच तुमच्या घरातल्या मुलांसाठीही आहे.

भटक्या कुत्र्यांचा वाद २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी घरोघर पोहोचला. त्या वादात पैदाशीचे नाव फारसे निघाले नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी २०२३च्या नियमांनुसार सरकारी पैशातून करायची आणि दुसऱ्या बाजूने नोंदणीविना पैदास चालू द्यायची, ही उधळपट्टी आहे. वेतांनी खंगलेली मादी आणि न विकले गेलेले पिल्लू यांचा शेवटचा मुक्काम तोच रस्ता असतो.

पुढच्या पानांत २०१७च्या नियमांचा सोप्या मराठीतला गोषवारा, कुत्रीच्या माजाचे आणि गाभणपणाचे वेळापत्रक, वहीचा नमुना, प्रजनन सेवा घेताना विचारायचे प्रश्न आणि तक्रार कशी लिहायची याची माहिती दिली आहे. पैदासकारांनी ती आपल्याविरुद्ध लिहिली आहे असे मानू नये. नियम पाळणाऱ्याचा दर पडतो तो नियम मोडणाऱ्यामुळेच.

वाचकाला एकच विनंती. पिल्लू पसंत पडले, भावही जमला, तरी पैसे काढण्याआधी आई पाहायला मागा. तिच्या जागेवर जा, तिला चालताना पाहा, तिची वही वाचा. ‘आई गावाकडे आहे’, ‘आई शेतावर आहे’ असे उत्तर मिळाले, तर पिल्लू घेऊ नका. एक पिल्लू मागे राहील याचे वाईट वाटेल. पण तुम्ही ते घेतले तर त्या आईला पुढच्या माजाला पुन्हा नर दाखवला जाईल. कायदा शिरोलीत पोहोचेल तेव्हा पोहोचेल, गिऱ्हाइकाचा नकार आजच पोहोचतो.